एकत्र काम करण्याचे शास्त्र

(संगणक-प्रणालींच्या निर्मितीतील ‘अजाइल’ कार्यपद्धती आणि सामूहिक कामाचे आरोग्य या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गात आज असे कुटुंब शोधावे लागेल, ज्यातील कुणीही संगणक क्षेत्रात नाही. कुणाचा मुलगा हिंजवडीत, कुणाची सून खराडीत, कुणाचा पुतण्या बंगळुरूत, तर कुणाची कन्या न्यू जर्सीत. या घरांतील ज्येष्ठांच्या कानांवर काही शब्द सतत पडत असतात. ‘आमचा स्प्रिंट संपतो आहे’, ‘आता स्टँड-अप आहे’, ‘शुक्रवारी रेट्रो आहे’. ताट वाढून ठेवलेले असते आणि मुले संगणकापुढे बैठकीत अडकलेली असतात. ही कसली बैठक, ती रोज कशासाठी, आणि तिच्यामुळे घरातील माणूस कधी समाधानी तर कधी इतका थकलेला का दिसतो, हे विचारण्याचा संकोच वाटतो. विचारलेच तर उत्तर तुटक मिळते.

या शब्दांमागे एक विचार आहे आणि तो अपयशाच्या दीर्घ अनुभवातून आलेला आहे. हुशार माणसे, पुरेसा पैसा आणि चांगला हेतू असूनही मोठी कामे का फसतात, या प्रश्नाचा शोध घेताना तो विकसित झाला. जे जे गटाने काम करतात, त्या सर्वांचाच हा प्रश्न आहे. म्हणून संगणकाचा गंध नसलेल्यांनीही तो समजून घेण्यासारखा आहे.

धबधब्याची वाट

१९६८ साली जर्मनीतील गार्मिश या गावी ‘नाटो’च्या पुढाकाराने संगणकतज्ज्ञांची एक परिषद भरली होती. प्रणाली वेळेवर पूर्ण होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो आणि हाती आलेली वस्तू भरवशाची नसते, ही त्या परिषदेतील मुख्य चिंता होती. त्या काळात या दुखण्यावर उपाय म्हणून बांधकामासारखी शिस्त आणण्याचा प्रयत्न झाला. प्रथम सर्व गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग प्रत्यक्ष लेखन, मग चाचणी आणि शेवटी ग्राहकाच्या हाती सुपूर्द करणे. पाणी एका पायरीवरून दुसरीवर पडावे आणि मागे फिरू नये, तसा हा क्रम. पुढे त्याला ‘धबधबा’ हेच नाव पडले.

गंमत अशी, की या पद्धतीचे मूळ म्हणून ज्या निबंधाकडे बोट दाखवले जाते, त्यातच तिच्याविषयीचा इशारा आहे. विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली हा निबंध लिहिला. पायऱ्यांची आकृती काढून त्यांनी लगेच बजावले, की हा क्रम जसाच्या तसा पाळणे धोक्याचे आहे. कारण खरी चूक चाचणीच्या वेळी, म्हणजे अगदी अखेरीस कळते आणि तेव्हा मागे फिरणे फार महाग पडते. पुढील काळात आकृती सर्वत्र पोहोचली, इशारा मात्र पानांतच राहिला.

दुसरा मोलाचा धडा फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या ग्रंथातून दिला. ‘आयबीएम’ कंपनीत एका विशाल प्रणालीचे काम त्यांनी सांभाळले होते. त्यांचे निरीक्षण असे, की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे लावली, तर उशीर वाढतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि एकमेकांशी बोलण्याचा व्याप बेसुमार वाढतो. पाच जणांच्या गटात परस्पर संवादाच्या जोड्या १० होतात; दहा जणांत त्या ४५ होतात आणि पन्नास जणांत १,२२५! चुलीभोवती माणसे वाढवली म्हणून पुरणाची डाळ लवकर शिजत नाही, हे आपल्या घरातील गृहिणीला ठाऊक असते; मोठ्या संस्थांना ते लाखो डॉलर खर्चून शिकावे लागले.

जपानचे योगदान

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग बव्हंशी पूर्वेकडून आला. जपानमधील साकिची टोयोडा यांनी असा माग तयार केला, की धागा तुटताच तो आपोआप थांबे. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबणे बरे, हा त्यामागील विचार. त्यांच्या कुटुंबाने उभारलेल्या टोयोटा मोटार कारखान्यात ताइइची ओनो यांनी हाच विचार माणसांच्या कामाला लावला. दोष दिसला तर कोणत्याही कामगाराने दोरी ओढून मदत मागावी आणि दोष वेळीच दूर झाला नाही, तर कामाची साखळी थांबावी, हा अधिकार तेथील सामान्य कामगाराकडे आहे. कोणत्या टप्प्यावर किती काम पडून आहे, हे सर्वांना दिसावे म्हणून तेथे चिठ्ठ्या वापरल्या जाऊ लागल्या. त्या पद्धतीला ‘कानबान’ म्हणतात. आज पुण्यातील संगणक कार्यालयांच्या भिंतींवर रंगीत चिठ्ठ्या दिसतात, त्यांचे मूळ हे असे मोटारींच्या कारखान्यात आहे.

१९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहिला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स यांसारख्या कंपन्यांत नवी उत्पादने वेगाने कशी घडतात, याचा त्यांनी अभ्यास केला होता. जुनी पद्धत रिले शर्यतीसारखी आहे, एकाने धावायचे आणि दांडी दुसऱ्याच्या हाती द्यायची. नवी पद्धत रग्बीच्या खेळासारखी आहे, सारा संघ एकत्र पुढे सरकतो, असे त्यांनी म्हटले. आपल्याकडे रग्बी फारशी खेळली जात नाही, पण कबड्डी सर्वांना ठाऊक आहे. चढाई करणारा आत आला, की बचाव करणाऱ्यांची साखळी एकत्र हलते. कुणी कधी पुढे व्हायचे, कुणी मागे राहायचे, हे कागदावर लिहून ठेवता येत नाही. ते एकमेकांकडे पाहूनच ठरते. रग्बीतील ‘स्क्रम’ हा शब्द पुढे जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी आपल्या कार्यपद्धतीसाठी घेतला. सदरलँड यांनी १९९३ साली अमेरिकेतील एका कंपनीत तिचा पहिला प्रयोग केला आणि १९९५ साली दोघांनी ती विद्वानांपुढे मांडली.

स्नोबर्डचा जाहीरनामा

फेब्रुवारी २००१ मध्ये, ११ ते १३ या तारखांना, अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या डोंगराळ ठिकाणी १७ जण एकत्र आले. केंट बेक, मार्टिन फाउलर, वॉर्ड कनिंगहॅम, सदरलँड, श्वाबर अशी ती मंडळी. प्रत्येकाची पद्धत वेगळी होती, काहींची तर एकमेकांशी स्पर्धाच होती. तरीही समान धागा शोधून त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. आपल्या विचाराला त्यांनी ‘अजाइल’, म्हणजे चपळ, असे नाव दिले.

त्यातील चार सूत्रांचा आशय असा. ठरीव प्रक्रिया आणि साधने यांच्याहून माणसे व त्यांचा संवाद यांचे मोल अधिक. जाडजूड कागदपत्रांहून चालणाऱ्या प्रणालीचे मोल अधिक. कराराच्या घासाघिशीहून ग्राहकाच्या सहकार्याचे मोल अधिक. आणि आखलेल्या योजनेला चिकटून राहण्याहून बदलाला सामोरे जाण्याचे मोल अधिक. येथे ‘अधिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. योजना नको, करार नको, कागद नको, असे त्यांनी म्हटलेले नाही. या गोष्टींनाही मोल आहे, हे त्यांनी स्पष्ट नमूद केले. जे अर्धवट वाचतात, ते शिस्तीला फाटा देण्यासाठी या जाहीरनाम्याचा आधार घेतात. तो त्याचा विपर्यास आहे.

प्रत्यक्षात काम कसे चालते?

चांगला शिंपी माप घेतो, कच्चे टाके घालतो, कपडा अंगावर चढवून पाहतो आणि मगच पक्की शिलाई मारतो. अजाइलचे मर्म एवढेच आहे. आपल्याला नेमके काय हवे, हे वस्तू डोळ्यांपुढे आल्याखेरीज ग्राहकालाही उमगत नाही. म्हणून काम छोट्या तुकड्यांत करायचे आणि प्रत्येक तुकडा चालता-बोलता करून दाखवायचा.

स्क्रम पद्धतीत गट सहसा दहा किंवा त्याहून कमी जणांचा असतो. करावयाच्या कामांची एक यादी असते आणि त्यातील अग्रक्रम ठरवण्याचे दायित्व एकाच व्यक्तीवर असते. एक महिन्याहून अधिक नसलेला, बहुधा दोन आठवड्यांचा, एक टप्पा ठरवला जातो, तोच ‘स्प्रिंट’. टप्प्याच्या आरंभी किती काम पेलेल, हे गट स्वतः ठरवतो. वरून आकडा लादायचा नाही, हा संकेत आहे. रोज पंधरा मिनिटांची एक बैठक होते. अनेक गट ती उभ्याने घेतात, म्हणजे लांबत नाही. काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती, हे तीन प्रश्न त्यात प्रचलित होते. परंतु लोक ते हजेरीसारखे पाठ म्हणू लागले. २०२० साली स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतून ते प्रश्न काढले गेले. उद्दिष्टाकडे आपण सरकत आहोत का, एवढेच पाहावे, असा तिचा रोख आहे.

टप्प्याच्या शेवटी दोन गोष्टी होतात. तयार झालेला भाग ग्राहकाला प्रत्यक्ष दाखवला जातो आणि त्यानंतर गट आपल्याच कामाकडे वळून पाहतो. मुले याला ‘रेट्रो’ म्हणतात. मराठीत यासाठी ‘सिंहावलोकन’ हा सुंदर शब्द आधीपासूनच आहे. काही पावले चालून गेल्यावर मान वळवून मागे पाहावे आणि मग पुढे जावे. काय साधले, काय बिघडले, पुढील पंधरवड्यात कोणती एक गोष्ट बदलायची, एवढीच चर्चा. त्यात व्यक्तीचा पंचनामा करायचा नसतो, कामाच्या रीतीची तपासणी करायची असते.

यामागे तांत्रिक शिस्तही कठोर आहे. प्रत्येकाने लिहिलेला भाग वारंवार एकत्र जोडायचा आणि यंत्राकरवी त्याच्या चाचण्या लगेच करून घ्यायच्या, म्हणजे चूक झाल्या दिवशीच सापडते. केंट बेक यांच्या पद्धतीत दोघांनी एका संगणकापुढे बसून लिहायचे असते. एक लिहितो, दुसरा पारखतो. ही शिस्त सोडून केवळ बैठका स्वीकारल्या, तर चपळता येत नाही, फक्त गडबड वाढते.

एका मोठ्या अपयशाची कहाणी

या विचाराची कसोटी पाहायची, तर अमेरिकेच्या ‘एफबीआय’ या तपास यंत्रणेचे उदाहरण बोलके आहे. सप्टेंबर २००१ मधील दहशतवादी हल्ल्यांनंतर या यंत्रणेची जुनाट माहितीव्यवस्था हा राष्ट्रीय चिंतेचा विषय बनला. तपासाच्या नोंदी एकत्र ठेवणारी नवी प्रणाली उभारण्याचे काम हाती घेतले गेले. गरजांचा दस्तऐवज ८०० पानांहून अधिक झाला. गरजा बदलत राहिल्या, अधिकारी बदलत राहिले, आणि २००५ साली सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून ती प्रणाली सोडून द्यावी लागली. एकही तपास तिने सोपा केला नाही.

२००६ साली ‘सेंटिनेल’ या नावाने दुसरा प्रयत्न सुरू झाला. काम चार भागांत होणार होते. २०१० च्या मध्यास ४५.१ कोटी डॉलरच्या तरतुदीपैकी सुमारे ४०.५ कोटी संपले होते आणि चारपैकी दोनच भाग हाती आले होते. तेव्हा यंत्रणेने काम आपल्या ताब्यात घेतले आणि अजाइल पद्धत स्वीकारली. कंत्राटदाराची माणसे सुमारे २२० वरून ४० वर आणण्याचे व यंत्रणेची स्वतःची ३० वरून १२ वर आणण्याचे ठरले. दोन-दोन आठवड्यांचे टप्पे आखले गेले. १ जुलै २०१२ रोजी प्रणाली सर्वत्र सुरू झाली.

ही जादू नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नव्या पद्धतीनेही सप्टेंबर २०११ ही ठरवलेली मुदत हुकली. ऑक्टोबर २०११ मध्ये घेतलेल्या चाचणीत यंत्रसामग्री ताण सहन करीत नाही, असे आढळले. परंतु हे सत्य चाचणीतच बाहेर आले, हजारो अधिकाऱ्यांचे काम अडल्यानंतर नव्हे. जुन्या पद्धतीत वाईट बातमी वर्षांनंतर कळत असे, नव्या पद्धतीत ती आठवड्यांत कळू लागली.

‘होऊन जाईल’ हा रोग

वाईट बातमी लवकर कळण्यासाठी ती सांगणारा माणूस निर्भय असावा लागतो. सारे तंत्र येथेच अडते. आपल्या कार्यालयांत आणि संस्थांत एक वाक्य सर्रास ऐकू येते, ‘होऊन जाईल, साहेब!’ काम नव्वद टक्के झाले आहे, असे पहिल्या आठवड्यात सांगितले जाते आणि सहाव्या आठवड्यातही ते नव्वद टक्केच असते. सांगणारा खोटारडा असतो, असे नाही. ज्येष्ठांना नकार देणे त्याला उद्धटपणाचे वाटते. अडचण सांगितली तर आपली कुवत काढली जाईल, ही धास्ती असते.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला. ज्या गटांत सलोखा आणि नेतृत्व चांगले, तेथे चुका कमी असतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या गटांत चुकांच्या नोंदी अधिक होत्या! बारकाईने पाहता उलगडा झाला, की तेथील परिचारिका चूक लपवीत नव्हत्या. जेथे रागावणे, अपमान करणे ही रीत होती, तेथे चूक दाबली जात होती. १९९९ साली त्यांनी या निर्भयतेचे शास्त्रीय विवेचन मांडले आणि तिला ‘मानसिक सुरक्षितता’ असे म्हटले. पुढे ‘गूगल’ने २०१२ पासून आपल्या १८० गटांचा अभ्यास केला. गटात कोण आहे, यापेक्षा गट परस्परांशी कसा वागतो, याला महत्त्व आहे आणि त्यात ही निर्भयता सर्वांत मोलाची आहे, असा निष्कर्ष निघाला.

निर्भयता म्हणजे लाड नव्हेत. काम दर्जेदारच हवे, मुदत पाळलीच पाहिजे. परंतु पाळता येत नसेल तर तसे सांगणाऱ्याचे पहिले स्वागत व्हावे आणि मग उपाय शोधला जावा.

विकृती आणि घरावरील भार

प्रत्येक चांगल्या पद्धतीचे कर्मकांड होऊ शकते, हीही तशीच झाली. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या १७ जणांपैकी डेव्ह थॉमस यांनीच २०१४ साली लिहिले, की अजाइल हा शब्द आता निरर्थक झाला आहे. अनेक ठिकाणी रोजची बैठक ही हजेरी आणि उलटतपासणी बनली. गटाने स्वतःच्या अंदाजासाठी ठेवलेले गुणांक माणसांची तुलना करण्यासाठी वापरले जाऊ लागले. मग आकडे फुगले आणि काम तेवढेच राहिले.

भारतातील कुटुंबांना या विकृतीची झळ अधिक बसते. हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा पुण्यात सायंकाळचे साडेसात झालेले असतात; कॅलिफोर्नियात नऊ वाजतात, तेव्हा येथे रात्रीचे साडेदहा. तेथील सकाळची बैठक येथील जेवणाची, मुलांच्या अभ्यासाची, झोपेची वेळ खाते. वस्तुतः अजाइलच्या बारा तत्त्वांत एक तत्त्व असे आहे, की कामाचा वेग सर्वांना अखंड टिकवता आला पाहिजे. केंट बेक यांच्या १९९९ च्या पुस्तकात तर आठवड्याला ४० तासांचे काम हा एक नियमच होता. म्हणजे रात्री-बेरात्री राबवणे हे अजाइलचे लक्षण नव्हे, ती त्याची पायमल्ली आहे. बैठकीची गैरसोय दोन्ही देशांनी आलटून-पालटून वाटून घ्यावी, जे लिहून कळवता येते त्यासाठी माणसे गोळा करू नयेत, हे मागण्याचा अधिकार आपल्या मुलांना आहे. तो विनयाने, पण ठामपणे वापरावा. आणि घरच्यांनीही ‘एवढा पगार आहे, मग तक्रार कसली?’ असे म्हणून त्यांचे तोंड बंद करू नये.

आपल्या बैठकांसाठी

सर्वच कामे या पद्धतीने होत नाहीत. पूल अर्धा बांधून ‘कसा वाटतो?’ असे विचारता येत नाही. जेथे बदल करणे फार महाग किंवा जीवघेणे असते, तेथे आधी सखोल आखणीच हवी. परंतु वाचनालय, उत्सव मंडळ, गृहनिर्माण संस्था, सेवाप्रकल्प ही कामे माणसांच्या बदलत्या गरजांशी बांधलेली असतात. तेथे ही दृष्टी नक्कीच उपयोगी पडते.

वर्षभराचा भव्य आराखडा करण्यापूर्वी एका वस्तीत पंधरा दिवस अभ्यासिका चालवून पाहावी आणि मुलांना, पालकांना विचारावे. एका कार्यकर्त्याच्या शिरावर एका वेळी दोनच कामे असावीत. दहा अर्धवट कामांपेक्षा दोन पूर्ण कामे समाजाच्या उपयोगी पडतात. कामांची यादी भिंतीवर सर्वांना दिसेल अशी असावी, म्हणजे विचारपूस करण्याची आणि रुसण्याची वेळ येत नाही. बैठकीत सर्वांत तरुण कार्यकर्त्याने आधी बोलावे आणि ज्येष्ठांनी शेवटी. कारण ज्येष्ठ बोलले, की इतरांचे मत बहुधा तेथेच थांबते. कार्यक्रम संपल्यावर सत्कार आणि आभार यांच्या जोडीने अर्धा तास सिंहावलोकनासाठी राखून ठेवावा, आणि त्यातून एकच सुधारणा निवडून ती पुढच्या वेळी अमलात आणावी.

या सर्वांत अवघड गोष्ट मात्र पद्धतीत लिहिता येत नाही. ‘हे जमत नाही आहे, मदत हवी’ असे कुणी म्हणाले, की त्या क्षणी गटप्रमुखाच्या चेहऱ्यावर काय उमटते, यावर त्या गटाचे पुढचे सारे काम अवलंबून असते. तेथे आठी पडली, तर पुढील वेळी बातमी येणार नाही, थेट अपयशच येईल. तेथे ‘बरे झाले वेळीच सांगितलेस, बस, पाहू या’ एवढे शब्द आले, तर साधी माणसेही मोठी कामे तडीस नेतात. हे शब्द उच्चारायला संगणक लागत नाही. पुढच्या बैठकीपासूनच आपण त्यांचा उपयोग करू या.